कधी घेतो, कधी घेत नाही

वर्धनगडाचा घाट चढून आलेली जुनी फियाट पुसेगावात चहाला थांबते. चहा संपवून मंडळी परत बसतात, किल्ली फिरते आणि बॉनेटखालून एकच आवाज येतो, ‘टक्’. पुन्हा किल्ली, पुन्हा ‘टक्’. मग दोघे-तिघे उतरून धक्का देतात, गाडी दुसऱ्या गिअरवर चालू होते आणि दहिवडी, गोंदवले मागे टाकत म्हसवड गाठते. उन्हं कलल्यावर तीच गाडी पहिल्या किल्लीला चालू. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीच्या दारात नेली, तर तिथेही बिनतक्रार चालू. मिस्त्री विचारतो, “काय हुतंय?” मालक सांगतो, “सेल्फ कवा घेतोय, कवा न्हाय.”

जुन्या गाडीच्या सगळ्या तक्रारींत मला ही तक्रार सर्वांत श्रेष्ठ वाटते. कायमचा बंद पडलेला भाग काढून दुसरा बसवला की काम संपतं, त्यात यंत्र समजलंच पाहिजे असं नाही. कधी बिघडणारी आणि कधी न बिघडणारी गाडी मात्र समजून घेतल्याशिवाय दुरुस्त होत नाही. समजून घेऊ लागलं की दिसतं, ज्याला आपण नुसतं ‘सेल्फचं वायरिंग’ म्हणतो ती अतिशय नेटकी, विचारपूर्वक केलेली रचना आहे. त्या रचनेचं आणि तिच्यातला दोष हुडकण्याच्या कलेचं हे रसग्रहण. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो: असा बिघाड बहुतेक वेळा येत-जात नसतो. तो गाडीत सतत बसलेला असतो, त्याचा परिणाम तेवढा कधी दिसतो आणि कधी दिसत नाही. त्यामुळे गाडी व्यवस्थित चालू होत असतानाही तो मोजता येतो.

उदाहरणासाठी प्रीमियर पद्मिनी घेतो, कारण ती आपली गाडी. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. इटलीच्या फियाटच्या परवान्यावर ११०० ही गाडी १९५४ पासून कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होऊ लागली. पुढे ती डिलाइट झाली, प्रेसिडेंट झाली आणि १९७४ मध्ये पद्मिनी झाली. लोक मात्र शेवटपर्यंत ‘फियाट’च म्हणत राहिले. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, बारा व्होल्टची बॅटरी, स्टेअरिंगच्या दांड्याला गिअर. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती सगळ्या महाराष्ट्राला माहीत झाली. तिथली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवला नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर ३० ऑक्टोबर २०२३ पासून रस्त्यावरून उतरली. खासगी पद्मिनी अजून आहेत. आपल्याकडे त्यातल्या कित्येक गाड्या वर्षातले महिनोन्‌महिने झाकून उभ्या असतात, कारण माणदेशाच्या घरांतली माणसं पोटासाठी दूर असतात. कुणी मुंबईला, तर आटपाडी-विट्याकडचे गलाईवाले सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी पार केरळपासून उत्तर प्रदेशापर्यंत. जत्रेला माणूस गावी येतो आणि झाकण काढून किल्ली फिरवतो. सेल्फच्या सर्किटची खरी परीक्षा त्या क्षणाला असते.

या सर्किटचा मूळ कर्ता म्हणजे अमेरिकेतले चार्ल्स केटरिंग. त्यांच्याआधी मोटार चालू करायची म्हणजे पुढून हँडल मारायचं, आणि इंजिनाने उलटा झटका दिला की मनगट मोडायचं. इंजिन फिरवू शकेल एवढी ताकदवान विजेची मोटर गाडीत मावणार नाही, असं तेव्हाच्या जाणकारांचं मत होतं. केटरिंग यांनी त्याआधी दुकानातल्या कॅश रजिस्टरसाठी विजेची मोटर बनवली होती. त्या कामातून त्यांना पक्कं ठाऊक होतं की काही सेकंदांपुरतं काम असेल तर लहान मोटरवरही कितीतरी जास्त भार टाकता येतो, ती जळण्याआधी काम उरकलेलं असतं. १९१२ च्या कॅडिलॅक गाडीवर हा सेल्फ स्टार्टर आला. बॅटरी, कॉइल आणि पॉइंट यांच्यावर ठिणगी पाडणारी व्यवस्थाही त्यांचीच. म्हणजे पद्मिनीची किल्ली फिरवताना जे दोन प्रवाह एकाच वेळी जागे होतात, इंजिन फिरवणारा आणि पेट्रोल पेटवणारा, त्या दोन्हींमागे एकाच माणसाचा विचार आहे.

आता प्रत्यक्ष रचना पाहू. मुख्य मार्ग अगदी छोटा आहे. बॅटरीच्या प्लसवरून करंगळीएवढी जाड केबल सोलेनॉइडपर्यंत येते. सोलेनॉइडच्या आत दोन जाड बोल्ट समोरासमोर असतात आणि तांब्याची एक चकती पुढे सरकून त्यांना जोडते. तिथून प्रवाह मोटरमध्ये जातो: कार्बन, कॉम्युटेटर, आर्मेचर. मोटरच्या अंगावरून तो इंजिनाच्या अंगावर येतो, इंजिनावरून अर्थच्या विणलेल्या पट्टीने बॉडीवर, बॉडीवरून बॅटरीच्या मायनसवर परत. या मार्गात कुठेही फ्यूज नाही. सुरुवातीच्या झटक्यात इथून शंभरावर अँपिअर वाहतात, घरातल्या सगळ्या दिव्या-पंख्यांना मिळूनही एवढे लागत नाहीत. दुसरा मार्ग बारीक आहे: प्लसवरून डॅशबोर्डवरच्या किल्लीपर्यंत आणि किल्लीवरून सोलेनॉइडच्या छोट्या टर्मिनलपर्यंत. बारीक मार्ग हुकूम देतो, जाड मार्ग काम करतो. दोघांची भेट सोलेनॉइडमध्ये होते.

माझ्या मते या रचनेतला सर्वांत देखणा भाग हा सोलेनॉइडच. त्याच्यात तारेची दोन वेटोळी असतात. एक जोरकस, लोखंडी दांडा ओढून घेणारं. दुसरं हलकं, ओढलेला दांडा धरून ठेवणारं. ओढणाऱ्या वेटोळ्याचं दुसरं टोक थेट अर्थला दिलेलं नसतं, ते मोटरमधून अर्थला जातं. किल्ली फिरली की दोन्ही वेटोळी जोर लावतात, दांडा सरकतो, त्याच्या एका टोकाने मोटरचं छोटं दातेरी चाक, पिनियन, फ्लायव्हीलच्या दातांत जातं आणि दुसऱ्या टोकाची चकती बोल्टांना भिडते. ती भिडताक्षणी मोटरच्या टर्मिनलवर बॅटरीचा व्होल्टेज येतो. आता ओढणाऱ्या वेटोळ्याच्या दोन्ही टोकांना सारखाच व्होल्टेज, म्हणून त्यातला प्रवाह आपोआप थांबतो. त्यासाठी वेगळं बटण नाही, स्प्रिंग नाही, काही नाही. त्याचं काम पूर्ण होणं हीच त्याची थांबण्याची खूण. एवढ्या कमी सामानात एवढी अक्कल बसवलेली वस्तू मला गाडीत दुसरीकडे दिसत नाही.

ही रचना डोक्यात असली की आवाजांना अर्थ येतो. किल्ली फिरवल्यावर काहीच वाजलं नाही, तर बारीक मार्ग तपासायचा: किल्लीचा स्विच, त्याची तार, सोलेनॉइडचं छोटं टर्मिनल. एकच खणखणीत ‘टक्’ आला आणि पुढे शांतता, तर हुकूम पोचला, दांडा सरकला, पण जाड मार्ग अडलेला आहे. बोल्ट जळले असतील, कार्बन झिजले असतील किंवा एखादा सांधा सैल असेल. आणि ‘टकटकटकटक’ अशी घाईची माळ लागली, तर दांडा सरकतो, चकती भिडते, मोठा प्रवाह सुटतो, त्यासरशी व्होल्टेज कोसळतो, ओढणारं वेटोळं तर आधीच थांबलेलं, धरणाऱ्या वेटोळ्याला जोर पुरत नाही, दांडा सुटतो, व्होल्टेज परत वर येतो आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून. सेकंदात कितीतरी वेळा. अशा वेळी बॅटरी उतरलेली किंवा तिच्या खांबावरचा क्लॅम्प सैल, हे नव्वद टक्के ठरलेलं, निदान माझा अनुभव तसा आहे. हेडलाइट लावून किल्ली फिरवली तर कानाच्या जोडीला डोळेही कामाला येतात. दिवे जराही मंदावले नाहीत, तर मोठा प्रवाह सुटलेलाच नाही. थोडे मंदावले आणि मोटर फिरली, तर सगळं ठीक. दिवे एकदम विझलेच, तर बॅटरीच्या खांबापाशी जा.

बॅटरीबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तिच्याबद्दल सगळ्यांना माहीत असतं. सहा सेल, पूर्ण भरल्यावर प्रत्येकी २.१ व्होल्ट, एकूण १२.६. उभ्या गाडीतली बॅटरी आपोआप उतरते आणि उन्हाळ्यात लवकर उतरते. माणदेशासाठी एक गोष्ट मात्र आग्रहाने सांगायची आहे. बॅटरीत बोअरचं पाणी कधीही घालू नका. आपल्या बोअरचं पाणी जड आहे, त्यातले क्षार प्लेटांचं आयुष्य खातात. डिस्टिल्ड वॉटरची बाटली तालुक्याच्या कुठल्याही पंपावर मिळते.

आता रसग्रहणाच्या गाभ्याकडे. मिस्त्री मीटर लावतो, सोलेनॉइडवर १२.६ व्होल्ट दिसतात आणि तो म्हणतो, “करंट तर येतोय.” मीटर खोटं बोलत नाही, पण त्याला प्रश्न चुकीचा विचारला आहे. माणदेशातल्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. विहिरीत पाणी किती उभं आहे, हे काठावरून वाकून बघता येतं, पण विहिरीला झरा किती, हे मोटर लावून उपसा सुरू केल्यावरच कळतं. वरून भरलेली दिसणारी विहीर दहा मिनिटांत गाळाला लागते, हे इथल्या प्रत्येक उन्हाळ्याने दाखवलेलं आहे. व्होल्टेजही तसाच. डिजिटल मीटर सर्किटमधून जवळजवळ काहीच प्रवाह घेत नाही. केबलचे सगळे धागे तुटून एकच धागा शिल्लक असला तरी मीटर १२.६ च दाखवेल.

म्हणूनच आपल्याकडचे जुने वायरमन वापरतात तो टेस्ट लॅम्प मला मीटरपेक्षा जास्त आवडतो. दोन तारा आणि इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब. तो पेटायला पावणेदोन अँपिअर मागतो. एका धाग्यावर लटकलेली, सांध्याशी कुजलेली बारीक तार असेल तर बल्ब लालसर मिणमिणतो आणि गोष्ट उघड होते. किल्लीच्या बारीक मार्गासाठी या बल्बाइतका भरवशाचा साक्षीदार नाही. जाड मार्गात मात्र बल्बही अपुरा. जिथून शंभर अँपिअर जायचे आहेत, तिथे पावणेदोन अँपिअरच्या साक्षीला किंमत नाही. तिथे भार म्हणून खुद्द स्टार्टरच हवा.

रीत अशी. कॉइलची बारीक तार काढून ठेवायची, म्हणजे इंजिन फिरेल पण चालू होणार नाही. एकाने किल्लीवर बसायचं. दुसऱ्याने मीटरची एक सुई बॅटरीच्या मायनसच्या शिशाच्या खांबावर धरायची, क्लॅम्पवर नाही, खुद्द खांबावर. दुसरी सुई इंजिनाच्या उघड्या धातूवर. नवशिक्याला हे निरर्थक वाटतं, कारण दोन्ही जागा एकाच अर्थवर आहेत, मग मोजायचं काय? किल्ली फिरेपर्यंत मीटरही शून्यच दाखवतो. किल्ली फिरते, इंजिन घुमू लागतं आणि त्या शून्याच्या जागी एक आकडा उमटतो. तो आकडा म्हणजे वाटेत हरवलेला व्होल्टेज. तो ०.२ च्या आसपास असेल तर अर्थची बाजू निरोगी. प्लसच्या बाजूलाही तीच रीत: एक सुई प्लसच्या खांबावर, दुसरी मोटरच्या टर्मिनलवर. तिथे सोलेनॉइडसकट अर्ध्या व्होल्टपर्यंत चालतं. त्याहून जास्त आला की सुई एकेक सांधा पुढे सरकवत जायचं. खांब ते क्लॅम्प, क्लॅम्प ते केबल, केबल ते तिच्या टोकाचं थिंबल, थिंबल ते बोल्ट. ज्या दोन बिंदूंमध्ये आकडा एकदम उडी घेतो, दोष त्यांच्यामध्ये आहे. अंदाज, नशीब, “बघू बदलून” यांना इथे जागाच उरत नाही.

माझ्याकडच्या पद्मिनीचे आकडे देतो. सकाळची वेळ, गाडी थंड, सेल्फ पहिल्या किल्लीला घेत होता. बॅटरी १२.६. किल्ली फिरवताना बॅटरीच्या खांबांवर १०.३, ते ठीकच. पण मोटरच्या टर्मिनलपासून तिच्या अंगापर्यंत मोजलं तर ८.९. म्हणजे वाटेत १.४ व्होल्ट गायब. त्यातला प्लसच्या बाजूला ०.३ आणि अर्थच्या बाजूला १.१. सुई सरकवत गेलो तर त्या १.१ पैकी ०.९५ इंजिन आणि बॉडी यांच्यामधल्या विणलेल्या पट्टीवर. प्रवाह शंभर अँपिअर धरला, तरी त्या एवढ्याशा सांध्यावर ९५ वॅट उष्णता होत होती. इंजिन काही सेकंद घुमवून बोट लावलं तर पट्टीचा बोल्ट कोमट लागला. दोष सापडला त्या दिवशी गाडी एकदाही नापास झाली नव्हती.

मग ती नापास कधी होत होती? याचं उत्तर तांब्याच्या स्वभावात आहे. तांबं तापलं की त्याचा रोध दर अंश सेल्सिअसला साधारण ०.३९ टक्क्यांनी वाढतो. सकाळी तीस अंशांवर असलेलं सोलेनॉइडचं वेटोळं घाट चढून आल्यावर नव्वद अंशांवर गेलं, तर त्याचा रोध जवळजवळ पाव पटीने वाढतो आणि त्याची ओढ ढिली पडते. गाडी चालू असताना पंख्याचा वारा आणि पाण्याचा फेरा इंजिनाला थंड ठेवत असतो. गाडी थांबली की दोन्ही थांबतात, इंजिनात साठलेली उष्णता बाहेर येऊन त्याला खेटून बसलेल्या स्टार्टरला भाजते. म्हणून धावत्या गाडीपेक्षा नुकती थांबलेली गाडी बॉनेटखाली जास्त तापते. चहाची दहा-पंधरा मिनिटं म्हणजे नेमकी सर्वांत वाईट वेळ. मे महिन्यात सावलीतच चाळीस अंश असलेल्या माणदेशात हे जास्तच. सकाळी ८.९ व्होल्टवर कसंबसं भागत होतं, दुपारी तेच ८.९ अपुरे पडत होते. दोष तेवढाच होता, गरज तेवढी वाढली होती. संध्याकाळी गरज कमी झाली आणि गाडी पुन्हा शहाणी दिसू लागली.

या अर्थच्या पट्टीवर माझा विशेष लोभ आहे. चार-पाच इंच लांब, विणलेल्या तांब्याची, बहुधा काळी पडलेली आणि तेलाने माखलेली. इंजिन रबराच्या मांडणीवर बसलेलं असतं, म्हणजे विजेच्या दृष्टीने ते बॉडीपासून तुटलेलं. मोटरचा सगळा प्रवाह या एका पट्टीने परत येतो. तरी गाडीच्या रंगकामात तिच्याकडे कुणी बघत नाही. बॉडी नव्याने रंगवली जाते, पट्टी रंगावरूनच कसली जाते आणि बोल्टच्या आट्यांपुरता धातूचा स्पर्श उरतो. बाहेरून गाडी नवी दिसते आणि त्या दिवसापासून सेल्फ कुरकुर करू लागतो. लोक रंगाऱ्याचा आणि सेल्फचा संबंध जोडत नाहीत, पण संबंध असतो.

पट्टी फारच वाईट झाली की प्रवाह दुसरी वाट शोधतो, आणि रसिकाने दाद द्यावी असा हा भाग आहे. इंजिन आणि बॉडी यांना जोडणाऱ्या धातूच्या आणखी वस्तू असतात, चोकची केबल आणि ॲक्सिलरेटरची केबल. मग शंभर अँपिअर त्यांच्यातून धावतात. केबल तापते, आतली तार तिच्या आवरणाला चिकटते, चोक जाम होतो. मालक चोकची केबल बदलतो. काही महिन्यांत नवीही जाम होते. चोक अडकणं आणि सेल्फ न घेणं या दोन तक्रारी वेगवेगळ्या माणसांकडे, वेगवेगळ्या दिवशी सांगितल्या जातात आणि दोन्हींचं मूळ एका रंगवलेल्या बोल्टखाली असतं. सेल्फ मारताना कुणी चोकच्या दांडीला हात लावला आणि ती गरम लागली, तर पुढे काही तपासायची गरज नाही.

दुरुस्ती सोपी. पट्टी दोन्ही टोकांनी काढायची, बॉडी आणि इंजिन यांच्यावरची जागा पॉलिश पेपरने धातू चमकेपर्यंत घासायची, दातेरी वॉशर घालून घट्ट कसायचं आणि कसून झाल्यावर वरून ग्रीस किंवा व्हॅसलीन. आधी नाही. माझ्या गाडीत त्यानंतर त्या सांध्यावर ०.१ व्होल्ट उरला. आपल्याकडे वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यामुळे किनाऱ्यावरच्या गाड्यांसारखा गंज माणदेशातल्या गाडीला लागत नाही. एकदा नीट केलेला सांधा इथे वर्षानुवर्षं टिकतो. कोरड्या मुलखाचा हा एक फायदा आपण मोकळ्या मनाने घ्यावा.

सगळेच दोष असे मोजणीत सापडत नाहीत, हेही खरं. किल्लीच्या स्विचमधली पितळी पट्टी झिजली, किंवा तार आवरणाच्या आत तुटून टोकाला टोक टेकून राहिली, तर ती खरोखरच कधी जोडलेली आणि कधी तुटलेली असते. उभ्या गाडीत उंदरांनी कुरतडलेली वायर याच जातीतली. अशा दोषाला तो घडत असतानाच गाठावं लागतं. त्यासाठी जुन्या वायरमनांची एक युक्ती मला अतिशय प्रिय आहे. सोलेनॉइडच्या छोट्या टर्मिनलला एक लांब तार जोडून ती केबिनमध्ये आणायची आणि डॅशबोर्डखाली एक छोटा बल्ब कायमचा बसवायचा. मग गाडी नेहमीसारखी वापरायची. ज्या दिवशी सेल्फ रुसेल त्या दिवशी धक्का मारायला उतरण्याआधी किल्ली धरून बल्ब बघायचा. पेटला असेल तर हुकूम सोलेनॉइडपर्यंत पोचला, दोष त्याच्या पुढे. पेटला नसेल तर किल्ली आणि तार, दोष मागे. एका नजरेत अर्धी गाडी शोधातून बाद होते. दोष स्विचचा निघाला तर स्विच बदला, पण जोडीला सोलेनॉइडजवळ एक रिले बसवणं जास्त शहाणपणाचं. ओढून घेताना सोलेनॉइड काही क्षण वीस-तीस अँपिअर मागतो. रिले असला की तो भार किल्लीवर पडत नाही.

स्टार्टरवर हातोडीच्या दांड्याने ठोका दिला की सेल्फ घेतो, हे प्रत्येक ड्रायव्हरला ठाऊक असतं. का घेतो, हे मात्र फार थोडे विचारतात. कार्बन झिजून आखूड झाले की त्यांची स्प्रिंग त्यांना कॉम्युटेटरवर पुरतं दाबत नाही. कॉम्युटेटर म्हणजे तांब्याच्या पट्ट्यांचं कडं. त्यातल्या दोन-तीन पट्ट्या जळून काळ्या पडल्या आणि मोटर नेमकी तिथे थांबली, तर पुढच्या वेळी प्रवाह सुरूच होत नाही. ठोक्याने कार्बन हलतो, बाजूच्या पट्टीला लागतो, काम होतं. ठोका रोजचा उपाय म्हणून वापरणं मला पटत नाही, पण पुरावा म्हणून तो फार मोलाचा. ठोक्याने गाडी चालू झाली तर बॅटरी, केबल, किल्ली, पट्टी सगळं त्या क्षणी काम देत होतं हे ठरतं आणि स्टार्टर खोलायला हरकत राहत नाही. याच्या जवळचा पण विजेशी संबंध नसलेला एक प्रकार आहे. चार सिलिंडरचं इंजिन बंद होताना कॉम्प्रेशनमुळे साधारण दोनच जागांवर थांबतं. फ्लायव्हीलचे दात तिथेच झिजतात आणि पिनियन तिथेच अडकतं. गिअर टाकून गाडी पुढे-मागे हलवल्यावर सेल्फ घेत असेल तर वायरिंग उसकटण्याआधी हे दात बघा.

सेल्फ जोरात मारतो पण इंजिन उचलत नाही, ही वेगळी तक्रार. उन्हाळ्यात इंजिनावरच्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाकणारे ड्रायव्हर तापून वाफ झालेल्या पेट्रोलवर उपाय करत असतात आणि पुष्कळदा ते बरोबर असतात. ठिणगीच येत नसेल तर कॉइल, कंडेन्सर आणि डिस्ट्रिब्युटरमधली पॉइंटला जाणारी छोटी लवचिक तार, या क्रमाने बघावं. पण यातली एक खूण पुन्हा आपल्याच सर्किटकडे आणते. सेल्फ मारत असताना इंजिन उचलत नाही आणि किल्ली सोडता सोडता, त्याच क्षणी उचलतं. म्हणजे स्टार्टर एवढा व्होल्टेज खातो की कॉइलला ठिणगीपुरताही उरत नाही. किल्ली सोडली की कॉइलला तो परत मिळतो आणि इंजिनाची उरलेली गिरकी कामी येते. लोक प्लग बदलतात, पॉइंट घासतात. बघायला हवी असते बॅटरी, तिचे क्लॅम्प, जड फिरणारी मोटर.

या सगळ्यातून माझं मत बनलं आहे ते स्पष्ट सांगतो. सुटे भाग बदलत जाणं ही दुरुस्तीची सर्वांत महागडी आणि सर्वांत कमी शिकवणारी रीत आहे. जुन्या पद्मिनीच्या बाबतीत ती घातकही आहे, कारण काढून टाकलेला कारखान्याचा मूळ स्टार्टर बहुधा त्याच्या जागी येणाऱ्या नव्या नकलेपेक्षा चांगला असतो. नव्याने अख्खं वायरिंग ओढून घेण्याचीही मला घाई वाटत नाही. पन्नास वर्षांच्या गाडीत तारांचे रंग नकाशाशी जुळत नाहीत, कारण ज्याच्याकडे जी गुंडाळी होती ती त्याने वापरली. तरी रंगावर विसंबण्याऐवजी बल्ब आणि मीटर घेऊन एकेक तार वाचली, तर एका दिवसात गाडीचा स्वतःचा नकाशा हातात येतो. तो कागदावर काढून गाडीतच ठेवावा.

दहिवडी, म्हसवड, आटपाडी, विटा इथल्या ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानांत आर्मेचर तपासणारे, कार्बन घासून बसवणारे, सोलेनॉइड खोलून त्याचे जळलेले बोल्ट फिरवून लावणारे हात आहेत. त्यांच्याकडे जाताना “सेल्फ बदला” असं सांगू नका. गाडी कधी रुसली, किती तापली होती, आवाज कसा आला, दिवे मंदावले का, हे वहीत लिहून न्या आणि किल्ली फिरवताना अर्थवर किती व्होल्ट हरवतो ते आधी मोजायला सांगा. स्टार्टर खोलायचा की नाही, ते त्या आकड्यानंतर ठरवा.